न्यूटर केलेला बोका बाल्कनीच्या पडद्यावर आणि चपलांच्या रॅकवरच स्प्रे का मारतो?

ताई, तुमचा प्रश्न लांब होता म्हणून आधी थोडक्यात मांडते. ठाण्यात पहिल्या मजल्यावर टू बीएचके, बाल्कनीखाली पार्किंगचा पत्रा. बंड्या ४ वर्षांचा, पिल्लूपणीच न्यूटर केलेला, म्हणजे नसबंदी झालेला. चिंगी २ वर्षांची, तिचंही ऑपरेशन झालंय. पाऊस सुरू झाल्यापासून बंड्या दोनच जागी उभा राहून शेपटी थरथरवत मागे फवारा उडवतो, बाल्कनीच्या काचेच्या दाराजवळचा पडदा आणि मेन डोअरपाशी चपलांचा रॅक. बाकी शी-शू ट्रेमधे अगदी व्यवस्थित. तुम्ही त्या जागा रोज फिनाइलने पुसताय, दर रविवारी त्याला शाम्पूने आंघोळ घालताय आणि रॅकमधे डांबर गोळ्या ठेवल्यात. सासूबाईंना वाटतं चिंगीचे लाड जास्त होतात म्हणून तो राग काढतोय, आणि मिस्टर म्हणतायत की मार्केटजवळ सोडून येऊ. जाता जाता तुम्ही असंही लिहिलंय की वॉचमनच्या म्हणण्याप्रमाणे जूनपासून सोसायटीत एक नवीन पिवळा बोका फिरतोय आणि तुम्ही गेटपाशी रस्त्यावरच्या मांजरांना रोज खायला घालता. तुम्ही हे सगळ्यात शेवटी लिहिलंत पण मला तर उत्तर तिथेच दिसतंय.

त्याआधी एक काम आत्ता लगेच करा, डांबर गोळ्या उचलून घराबाहेर टाका. नॅफ्थलीन मांजरांना विषारी असतं, कापूरसुद्धा. आणि फिनाइल बंद करा, काळं असो की पांढरं. मांजराच्या लिव्हरला फिनॉलच्या जातीची द्रव्यं नीट मोडता येत नाहीत, ओल्या फरशीवरून ते चालतं आणि मग बसून पंजे चाटतं, म्हणजे जे फरशीवर होतं ते पोटात गेलं. याच कारणाने माणसांची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही द्यायची नाही, अर्धी पण नाही, जीव जातो.

आता बंड्याचं. तो राग काढत नाहीये, सूड वगैरे काही नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमधे स्प्रेच्या केसमधे सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं, कारण सूड म्हटलं की शिक्षा आली, ओरडणं आलं, नाक घासणं आलं, आणि त्याने मांजर अजून घाबरतं आणि अजून स्प्रे मारतं. मी नेहमी एकच गोष्ट सांगते, मांजर कुठे स्प्रे मारतंय ती जागा नीट बघा, त्याला कशाची काळजी आहे ते ती जागाच सांगते.

स्प्रे आणि साधी शू यात फरक असतो आणि तुम्ही वर्णन इतकं छान केलंय की मला शंका राहिली नाही. शू करताना मांजर खाली बसतं, आडव्या जागेवर करतं, गादी, पायपुसणं, बाथरूमचा कोपरा, आणि प्रमाण बऱ्यापैकी असतं. स्प्रे मारताना उभं असतं, पाठ उभ्या पृष्ठभागाकडे, शेपटी वर आणि टोक थरथरतंय, कधीकधी मागचे पाय जागच्या जागी तुडवल्यासारखे हलतात, आणि थोडीशीच शू मांजराच्या ढुंगणाच्या उंचीवर उडते. गादीवर शू करणाऱ्या मांजराचा प्रश्न बहुतेक वेळा ट्रेचा किंवा दुखण्याचा असतो. भिंतीवर, पडद्यावर स्प्रे मारणाऱ्याचा प्रश्न बहुतेक वेळा हद्दीचा असतो. दोन्हीला एकच उपाय करत बसलं की महिने वाया जातात.

मांजराची हद्द म्हणजे काय ते समजून घ्या. आपलं घरचं मांजर ज्या आफ्रिकन रानमांजरापासून आलंय ते एकटं राहणारं, एकटं शिकार करणारं जनावर. एकट्या शिकाऱ्याला जखम परवडत नाही, मग समोरासमोर भांडण टाळायचं तर आपण इथे आहोत हे न भेटता कळवावं लागतं, आणि त्याचं साधन म्हणजे वास. जर्मन वर्तनशास्त्रज्ञ पॉल लायहाउझेन यांनी मोकळ्या मांजरांच्या निरीक्षणात पाहिलं की एकच पायवाट वेगवेगळी मांजरं वेगवेगळ्या वेळी वापरतात, एक सकाळी जातं, दुसरं उशिरा, आणि समोरासमोर येणं टाळतात. म्हणून स्प्रे हे कुंपण नाही. दुसरं मांजर तो वास आला की पळून जात नाही, उलट थांबून बराच वेळ हुंगतं. बंड्या रॅक हुंगून मग तोंड अर्धवट उघडं ठेवून क्षणभर स्तब्ध उभा राहतो असं तुम्ही लिहिलंय ना, त्याला फ्लेहमेन म्हणतात, टाळूच्या वर एक वेगळा वासाचा अवयव असतो तिकडे तो वास पोचवतोय. कोण आलं होतं, नर की मादी, ताजं की जुनं, हे तो वाचतोय.

आणि स्प्रे ही खुणेची फक्त एक पद्धत झाली. मांजराच्या गालावर, ओठांच्या कडेला, हनुवटीवर, कपाळाच्या बाजूला, शेपटीच्या बुडाशी आणि पंजाच्या बोटांमधे वासाच्या ग्रंथी असतात. दाराच्या चौकटीला, टेबलाच्या पायाला, तुमच्या पिंडरीला गाल घासतं तेव्हा ते आपला वास लावतंय. फ्रेंच पशुवैद्य पॅट्रिक पाझा यांनी १९९० च्या दशकात गालातल्या या स्रावाचे ५ वेगळे भाग ओळखले, त्यातला तिसरा, एफ-३, मांजर ओळखीच्या वस्तूंवर लावतं आणि चौथा, एफ-४, ओळखीच्या मांजरांवर आणि माणसांवर. जिथे गालाची खूण असते तिथे मांजर सहसा स्प्रे मारत नाही. ही ओळ परत वाचा, कारण तुमच्या घरात नेमकं इथेच बिघडलंय. रोज फिनाइलने चौकटी, कोपरे, फर्निचरचे पाय पुसले जातायत, म्हणजे बंड्याने गालाने घासून जे काही आपलं करून ठेवलं होतं ते रोज पुसलं जातंय, त्यावर उग्र वास बसतोय, आणि रविवारी आंघोळ घातली की त्याच्या अंगावरचा त्याचा स्वतःचा आणि चिंगीबरोबरचा एकत्र वासही धुतला जातो. मग चिंगी त्या दिवशी त्याला फिस्स करते, बरोबर? तुम्ही लिहिलंय की रविवारी त्यांचं भांडण होतं. एका घरात पटणारी मांजरं एकमेकांना घासून, चाटून एक सामायिक वास तयार करतात आणि त्यावरून हा आपला हे ओळखतात. एक मांजर माझ्या क्लिनिकमधून स्पिरिटचा वास घेऊन घरी गेलं की दुसरं त्याच्या अंगावर धावून जातं, त्याचंही कारण हेच. निरोगी घरच्या मांजराला आंघोळ लागत नाही, आजपासून बंद.

मग तो पिवळा बोका. पावसाळ्यात रस्त्यावरची मांजरं कोरड्या जागेसाठी जिन्यात, पार्किंगमधे, पत्र्याखाली येतात. न्यूटर न केलेला मोठा नर असेल तर त्याचा फिरण्याचा पट्टा मादीपेक्षा कितीतरी मोठा असतो, अनेक भाट्यांच्या हद्दी त्यात येतात, आणि तो जाईल तिथे स्प्रे मारत जातो. बोक्याच्या शूचा तो डोळ्यात पाणी आणणारा वास फेलिनीन नावाच्या अमिनो आम्लापासून येतो, ते हवेत हळूहळू मोडतं आणि त्यातून गंधकाची संयुगं बाहेर पडतात. जपानी संशोधक मासाओ मियाझाकी आणि सहकाऱ्यांनी २००६ मधे दाखवलं की हे फेलिनीन मूत्रपिंडात कॉक्सिन नावाच्या प्रथिनाच्या मदतीने तयार होतं, आणि पूर्ण नरात, म्हणजे न्यूटर न केलेल्या बोक्यात, ते खूप जास्त असतं, न्यूटर केल्यावर उतरतं. म्हणजे तुमच्या जिन्यात जो वास येतो तो तुम्हाला नुसता घाण वाटतो, बंड्यासाठी मात्र दारात एक ताकदवान अनोळखी नर पाटी लावून गेलाय. (वाघही असाच झाडाच्या खोडावर फवारा मारतो, ताडोबाला गेलात तर गाइड दाखवेल, आणि त्या द्रवात बासमती तांदळाला सुगंध देणारं तेच द्रव्य असतं हे आपल्याकडच्या रतनलाल ब्रह्मचारी यांनी शोधलं. मला हे दरवेळी सांगावंसं वाटतं.)

आता जागा बघा. बाल्कनीचं दार, जिथून पत्रा दिसतो. मेन डोअर, जिथे जिन्यातला वास फटीतून येतो. दोन्ही घराच्या सीमा आहेत. बंड्याला घरातल्याच चिंगीचा त्रास असता तर खुणा आतल्या जागी दिसल्या असत्या, पॅसेजमधे, ट्रेच्या वाटेवर, सोफ्याच्या कडेला, तुमच्या बेडपाशी. सगळ्या खुणा दारं-खिडक्यांवर असतील तर मी आधी बाहेर बघते. आणि चपलांचा रॅकच का, तर तुम्ही गेटपाशी मांजरांना घालता, ती तुमच्या पायाला, चपलांना घासतात, तो पिवळाही त्यात असणार, आणि तुम्ही त्याच चपला काढून रॅकमधे ठेवता. बंड्याच्या नाकाने बघितलं तर तो बोका रोज संध्याकाळी घरात येतोय. तो त्याच्या वासावर आपला वास घालतोय, एवढंच.

मग करायचं काय. चपला आजपासून बंद कपाटात किंवा झाकणाच्या डब्यात, आणि खाली खायला घालायला जाताना वेगळ्या चपला ज्या दाराबाहेरच राहतील. घरात शिरल्यावर आधी हातपाय धुवायचे, मग बंड्याला घ्यायचं. बाल्कनीच्या काचेला खालून ३ फुटांपर्यंत दुधी फिल्म लावा, नाहीतर सध्या बटर पेपर चिकटवा, म्हणजे पत्रा दिसणार नाही. तो बाहेर बघायला तळमळतो म्हणून वाईट वाटेल, तर त्याला दुसऱ्या बाजूच्या खिडकीत, जिथून झाड किंवा रस्ता दिसतो आणि मांजर दिसत नाही, तिथे बसायला फळी करून द्या, बाहेरून जाळी पक्की हवी. खायला घालायची जागा तुमच्या विंगपासून लांब न्या, दुसऱ्या गेटला, आणि ठरलेल्या वेळी घालून उरलेलं उचलून टाका. आणि त्या पिवळ्याची नसबंदी करून घ्या, तुमच्या भागातल्या प्राणी संस्थेला विचारा, पिंजरा लावून पकडतात, ऑपरेशन करून त्याच जागी परत सोडतात. हाकलून दिला तर रिकाम्या जागेत दुसरा बोका येतो आणि तुम्ही परत पहिल्या पायरीवर. निळ्या-लाल पाण्याच्या बाटल्या ठेवून काही होत नाही, सोसायटीने ठेवल्या असतील तर राहू देत.

साफसफाई नीट समजून घ्या कारण इथे सगळे चुकतात. अर्धवट पुसलेली खूण म्हणजे मांजराला पुसट झालेली खूण, तो ती परत ताजी करणारच. काळोखात यूव्ही टॉर्च मारून आधी सगळे डाग शोधा, भिंतीवरून ओघळून स्कर्टिंगच्या फटीत गेलेले पण. पाळीव प्राण्यांसाठीचा एन्झाइमवाला क्लीनर मिळाला तर उत्तम, नाहीतर एन्झाइमवाली कपड्यांची पावडर १ भाग आणि कोमट पाणी ९ भाग करून त्याने पुसा, मग साध्या पाण्याने, वाळू द्या, मग सर्जिकल स्पिरिट फवारा आणि परत वाळू द्या. आधी रंगाच्या कोपऱ्यात ट्राय करून बघा, आणि स्पिरिट पेट घेतं तेव्हा देवाजवळ दिवा, उदबत्ती चालू असताना नको, मांजरंही तोवर दुसऱ्या खोलीत. अमोनिया असलेलं काही वापरू नका, शूच्या वासाशी जुळतं. ब्लीच तर नकोच, शूबरोबर मिसळलं की विषारी वायू होतो. पडदा धुताना सुगंधी कंडिशनर नको. आणि मांजराच्या गालाच्या उंचीवर चौकटींना, कोपऱ्यांना जो तेलकट तपकिरी डाग दिसतो तो पुसू नका. सासूबाईंना तो मळ वाटेल पण त्यांना सांगा की तो डाग आहे म्हणून तिथे स्प्रे नाही.

उलट तो डाग आपण वाढवायचा. मऊ सुती फडकं घ्या, बंड्या लाडात असताना त्याच्या गालांवरून, हनुवटीवरून हळू फिरवा, आणि तेच फडकं साफ करून वाळलेल्या जागी, पडद्याच्या बाजूच्या भिंतीला, रॅकच्या कोपऱ्याला, त्याच्या नाकाच्या उंचीवर घासा. रोज. फुकटचा उपाय आहे आणि लोक चिकाटीने करत नाहीत म्हणून कमी लेखला जातो. बाजारात एफ-३ ची कृत्रिम नक्कल असलेला डिफ्यूझर मिळतो, सॉकेटमधे लावायचा, एक रिफिल साधारण महिनाभर जातं. महाग आहे. काही मांजरांत चांगला फरक दिसतो, काहींत फारसा नाही, म्हणून मी तो बाकी सगळं केल्यावर लावायला सांगते, आधी नाही. लावलात तर हॉलमधे मोकळ्या सॉकेटला, सोफ्यामागे किंवा पडद्याखाली नको.

पडद्यापाशी एक नख घासायचा खांब ठेवा. बोटांमधल्या ग्रंथींमुळे नख घासणं हीपण खूणच आहे, दिसणारी आणि वासाची दोन्ही, आणि मालकाला परवडणारी. लाकडी ओंडका किंवा जाड पाइप घ्या, ३ फूट तरी उंच म्हणजे तो पूर्ण ताणून उभा राहील, त्याला सुतळी किंवा काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा, बूड जड हवं, हलणाऱ्या खांबाला मांजर परत हात लावत नाही. दुसरा त्याच्या झोपायच्या जागेजवळ, कारण उठल्या उठल्या ते अंग ताणून नखं घासतात.

ट्रे तुमच्याकडे एकच आहे, दोन मांजरांना. बंड्या ट्रे वापरतो म्हणून तो प्रश्न नाही असं नाही, ताण कमी करायचा तर सगळीकडून करायचा. मांजरं तितके ट्रे अधिक एक, म्हणजे तीन, आणि वेगवेगळ्या खोल्यांत. शेजारी शेजारी ठेवलेले तीन ट्रे मांजराच्या हिशोबात एकच. जागा कमी आहे हे माहितीये, दोन तरी करा, एक बाथरूमपाशी, एक दुसऱ्या बेडरूममधे, रोज दोनदा साफ. जेवणाची भांडी एकमेकांना दिसणार नाहीत अशी लांब. कपाटावर चढायला वाट करून द्या, उंचीवरची जागा म्हणजे मांजरासाठी वाढीव घर. आणि चिंगी पॅसेजमधे आडवी बसून बंड्याकडे टक लावून बघते का यावर लक्ष ठेवा, माणसांना ते गोड वाटतं पण ती वाट अडवणं असतं.

न्यूटर करूनही स्प्रे कसा, हे तुमच्या मिस्टरांना पटत नाहीये. स्प्रे मारणाऱ्या बोक्यांना न्यूटर केलं की १० पैकी जवळपास ९ जणांचा स्प्रे बंद होतो किंवा खूप कमी होतो. पण न्यूटर केलेल्यांमधेही १०० नरांत साधारण १० आणि १०० माद्यांत ५ कधीतरी स्प्रे मारतात, असं जुन्या अभ्यासांत दिसलंय. हार्मोन गेले तरी काळजी जात नाही. तरीपण त्याच्या शूला पूर्ण बोक्यासारखा उग्र वास येत असेल तर डॉक्टरांना एक गोष्ट तपासायला सांगा. कधीकधी एक अंडकोष पोटातच राहिलेला असतो आणि ऑपरेशनच्या वेळी सुटतो. पूर्ण नराच्या लिंगावर बारीक काटे असतात, टेस्टोस्टेरॉन गेलं की काही आठवड्यांत ते नाहीसे होतात. ४ वर्षांच्या न्यूटर बोक्याला काटे दिसले तर टेस्टोस्टेरॉन कुठूनतरी येतंय. दोन मिनिटांची तपासणी आहे.

त्याच भेटीत शूची तपासणी आणि गरज वाटली तर सोनोग्राफी करून घ्या. मांजरांत ताणामुळे मूत्राशयाला सूज येते आणि स्प्रे मारणाऱ्यांपैकी काहींना तोही त्रास असतो. आणि हे मात्र घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, बंड्या ट्रेमधे परत परत जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय आणि शू येत नाहीये किंवा थेंबथेंब येतेय, तर ती इमर्जन्सी, रात्रीचे २ वाजले असले तरी. नराची मूत्रनलिका बारीक असते, अडकली की पोटॅशियम वाढून एक-दोन दिवसांत हृदय बंद पडतं. स्प्रे मारतोय वाटतं असं म्हणून सकाळची वाट बघायची नाही.

मार्केटजवळ सोडून यायचं म्हणताय त्याबद्दल. पाळीव प्राणी सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे हे तर आहेच. पण हद्दीच्या बाजूने विचार करा, मार्केटमधली प्रत्येक गल्ली, प्रत्येक मासळीचा ठेला कुठल्या ना कुठल्या बोक्याचा आहे. घरात वाढलेला, कधी भांडण न केलेला बंड्या तिथे सगळ्यांच्या हद्दीत एकटा परका असेल, खाणार कुठे, लपणार कुठे. मिस्टरांना माझ्या वतीने एवढंच सांगा की आधी हे सगळं ६ ते ८ आठवडे नेटाने करू, रोज किती वेळा आणि कुठे मारला ते कॅलेंडरवर लिहून ठेवू. आकडा एकदम शून्यावर येत नाही, आधी कमी होतो, मग मधेच एखाद्या दिवशी वाढतो, बहुतेक त्या दिवशी जिन्यात कोणीतरी येऊन गेलेलं असतं.

एवढं करूनही कमी झालं नाही तर औषध आहे. फ्लुओक्सेटिनचा स्प्रेसाठी चांगला अनुभव आहे, पण डोस वजनावर आणि रक्ततपासणीवर डॉक्टरच ठरवतील, मेडिकलमधून आणून घरी तुकडे करून द्यायचं नाही. परिणाम दिसायला महिनाभर लागू शकतो, सुरुवातीला भूक कमी होते, म्हणून रोज खातोय ना ते बघा, आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नका, परत सुरू होतं. औषध चालू असतानाही दारावरची फिल्म, चपलांचं कपाट, फडकं हे सगळं चालूच ठेवायचं.

आणि दिवाळीत रंगकाम काढणार असं लिहिलंय, ते पूर्ण घराचं एकदम काढू नका. एका वेळी एक खोली, बंड्या-चिंगी दुसऱ्या खोलीत त्यांच्या न धुतलेल्या अंथरुणासकट, आणि रंगाचा वास गेल्याशिवाय तिथे सोडू नका. नव्या भिंतीला पहिल्या दिवसापासून गालाचं फडकं फिरवा, नाहीतर नवी कोरी भिंत बघून तो स्वतः सुरुवात करेल.